गाडी बदलायची, पण माप कोणाचं?

गेल्या दिवाळीत आमच्या घरी एकच विषय होता: मेटॅडोर द्यायची की ठेवायची. हॉस्टेलवर परत आल्यावर मैत्रिणींना हे सांगितलं, तर त्यांना वाटलं घरात दोन-चार गाड्या असतील आणि त्यातली एक काढायची असेल. मग समजावून सांगितलं की आमच्याकडे ती एकच आहे. ती गाडी आहे, दुकान आहे आणि वर्षातले तीनेक महिने घरही आहे. एकीने लगेच विचारलं, "म्हणजे मोटरहोम?" मी आधी हसले. मोटरहोम म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो परदेशातला पांढरा शुभ्र डबा, आत सोफा, बेसिन, खिडकीला पडदे. आमच्या मेटॅडोरला पडदा होता. आईच्या जुन्या लुगड्याचा.

पण नंतर मी सहज शोधून पाहिलं. आपल्या देशात 'मोटार कॅरॅव्हॅन' कशाला म्हणायचं याचेही नियम आहेत. त्यात राहण्याच्या सोयी म्हणून चार गोष्टी लागतात: बसायला आसनं आणि टेबल, झोपायची जागा, स्वयंपाकाची सोय, सामान ठेवायची सोय. आमच्याकडे बांगड्यांच्या पेट्या होत्या, त्यावर बसायचो. पत्र्याची ट्रंक होती, तिच्यावर ताट ठेवून जेवायचो. रात्री पेट्या एकीला एक लावून वर गोधडी टाकली की झोपायची सोय. स्टोव्ह मागच्या फळीवर. चारही झाल्या! तरी आरसी बुकात ती मालवाहू गाडी. आई आणि मी त्या कागदांवर कुठेच नव्हतो. हा मुद्दा मला पुढे लागणार आहे.

आधी धंदा काय ते सांगते. आम्ही आदिलाबादचे. घरात मराठी, बाजारात तेलुगू, पोलिसांशी आणि गिऱ्हाइकांशी हिंदी, आणि गोंड बायका बांगड्या भरायला आल्या की आईची मोडकीतोडकी गोंडीही चालते. आमचं कटलरीचं दुकान: बांगड्या, टिकल्या, पिना, कंगवे, रिबिनी, प्लास्टिकची खेळणी. दुकानाला भिंती नाहीत. आठवडी बाजार आणि जत्रा यांवर ते चालतं. नवरात्रात पैनगंगेपलीकडे केळापूरची जगदंबा, कार्तिकात जैनथ, मार्गशीर्षात जमलं तर पार माळेगावचा खंडोबा, आणि पौष अमावास्येला केसलापूरचा नागोबा. केसलापूर सगळ्यात मोठं आणि सगळ्यात थंड. आमच्याकडची पौषातली थंडी ज्यांनी खाल्ली नाही त्यांना सांगून कळायची नाही. पारा एका आकड्यावर येतो आणि पत्र्याची गाडी रात्रभर बर्फासारखी गार होत जाते.

आता गाडीबद्दल. ही मेटॅडोर बाबांनी घेतली ती १९९९ ची. म्हणजे गाडी माझ्याहून मोठी, आणि तेलंगणा राज्याहूनही मोठी. नंबर एपी ०१ ने सुरू होतो. २०१४ नंतर आमच्या गल्लीत टीएस ०१ आल्या, २०२४ च्या मार्चपासून टीजी ०१ येऊ लागल्या. आमची मात्र आंध्र प्रदेशातच राहिली. २०१६ मध्ये आमच्या जिल्ह्याचे चार तुकडे झाले, मंचेरियाल गेलं, निर्मल गेलं, आसिफाबाद गेलं. पूर्वी एकाच जिल्ह्यातल्या जत्रा आता तीन जिल्ह्यांतल्या झाल्या. गाडीला काय त्याचं. रस्ता तोच.

आपलं साहित्य मंडळ आहे म्हणून एक आडवळण घेते. 'टेम्पो' हा शब्द आपण इतका सहज वापरतो की तो मराठीच वाटतो. खरं तर ते जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एका कंपनीच्या गाड्यांचं नाव. १९५८ मध्ये फिरोदियांनी बजाज टेम्पो सुरू केली, तीनचाकी आली आणि कंपनीचं नाव सामान्यनाम होऊन बसलं. पुढे कोणाचीही गाडी असो, टेम्पोच. मेटॅडोरचंही तसंच. ते एका मॉडेलचं नाव, मूळ अर्थ स्पेनमधला बैलांशी झुंजणारा माणूस. आमच्याकडे कुठल्याही जुन्या मागून उघडणाऱ्या गाडीला मेटॅडोर म्हणतात. २००५ मध्ये कंपनीनेच आपल्या नावातून 'टेम्पो' काढून टाकला आणि फोर्स मोटर्स झाली. आपण काढला नाही. 'व्हॅन' हा शब्द तर 'कॅरॅव्हॅन'चंच शेपूट, आणि कॅरॅव्हॅन म्हणजे फारसीतला कारवाँ. आमच्या जिल्ह्यात बंजाऱ्यांचे तांडे आहेत. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून देशभर फिरले, बायकापोरांसकट. कारवाँ तो होता. आता तोच शब्द इंग्रजीतून फिरून आलाय आणि लाखो रुपयांच्या गाडीला लागलाय.

तर गाडी द्यायची का?

बाबांचं कारण ब्रेक. निर्मलहून येताना महबूब घाटात एकदा ब्रेकचा पेडल खालपर्यंत गेला आणि तसाच राहिला. बाबांनी गिअर पाडत पाडत गाडी डोंगराच्या अंगाला घासून थांबवली. आई पुढे बसली होती. मी नव्हते. मला हे चार दिवसांनी फोनवर कळलं, तेही बाबांनी, "थोडं काम निघालं गाडीचं" असं सांगितल्यावर मागून आई बोलली म्हणून.

दुसरं कारण कागद. मालगाडीला फिटनेस घ्यावंच लागतं, आणि पंधरा वर्षं उलटली की सरकारच्या डोळ्यांत गाडी खुपायला लागते. १ एप्रिल २०२२ पासून हे दर देशभर वाढले. ट्रक-बसच्या फिटनेसला पूर्वी १,५०० रुपये लागायचे तिथे १२,५०० झाले. साध्या खासगी कारचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांनी वाढवून घ्यायला ६०० चे ५,००० झाले. जुनी गाडी चालवणं महाग करायचं आणि माणसाला नवीकडे ढकलायचं, असा सरळ हिशोब. १३ ऑगस्ट २०२१ ला स्क्रॅपेज धोरण जाहीर झालं त्याचाच हा भाग. मी या धोरणाच्या सरसकट विरोधात नाही. आमची गाडी स्टार्ट केली की शेजारची काकू वाळत घातलेले कपडे आत घ्यायची, हे मी कसं लपवू? पण गाडीचं वय हे एकच माप धरलं की काही गोष्टी सुटतात. ज्याच्याकडे पैसे आहेत तो पाच वर्षांनी गाडी बदलतोच, त्याला धोरण लागत नाही. पंधराव्या, वीसाव्या वर्षापर्यंत गाडी कोण ठेवतो? ज्याला पर्याय नसतो तो. म्हणजे वाढलेली फी येऊन पडते ती बरोबर अशाच माणसाच्या डोक्यावर.

तिसरं कारण शोरूमवाल्याचा बोर्ड: जुनी द्या, नवी न्या.

त्या 'एक्सचेंज' शब्दावर माझा राग आहे. अदलाबदल म्हटलं की आपल्याला वाटतं, एक वस्तू गेली, एक आली, वर थोडे पैसे. बाबा पण तसंच धरून बसले होते. आम्ही शोरूममध्ये गेलो. नाव सांगत नाही, कारण त्या पोराने काही फसवलं नाही, तो त्याचं काम करत होता. छोटी मालगाडी, 'छोटा हत्ती' म्हणतात तसली. रस्त्यावर येईपर्यंत सहा लाख वीस हजार. मेटॅडोरचे सत्तर हजार देतो म्हणाला. बाबा खूश, कारण भंगारवाला पन्नासच्या वर जात नव्हता. हातातले एक लाख भरायचे, उरलेले साडेचार लाख फायनान्स, चार वर्षं, अकरा टक्के.

मी कॉमर्सची नाही, पण मोबाइलवर हप्ता काढता येतो. महिन्याला अकरा हजार सहाशेच्या आसपास. अठ्ठेचाळीस हप्त्यांत पाच लाख अठ्ठावन्न हजार. म्हणजे नुसतं व्याज एक लाख आठ हजार. पंचवीस वर्षांच्या गाडीची किंमत सत्तर हजार, आणि तिच्या बदल्यात जी गाडी मिळते तिचं व्याज त्याच्या दीडपट. यात अदलाबदल कुठे आहे? शोरूममध्ये शिरताना बाबा एका गाडीचे मालक होते, बाहेर पडताना कर्जदार झाले असते. शिवाय मी आणखी एक प्रश्न विचारला: "एक्सचेंज न करता रोखीत सूट किती?" तेव्हा कळलं की जुनी गाडी नाही दिली तर किमतीतच काही हजार कमी होतात. म्हणजे त्या सत्तरमधले थोडे आमचेच, आमच्या एका खिशातून काढून दुसऱ्यात घातलेले. गाडी बदलणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न विचारावा. दोन किमती वेगवेगळ्या मागाव्यात, जुनीची वेगळी आणि नवीची वेगळी, दोन कागदांवर.

बाबांना हे पटत होतं, पण ते नव्या गाडीच्या स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते, आणि तसा बसलेला माणूस ऐकत नाही.

तेवढ्यात आईने चपला काढल्या.

ती मागे गेली, फळका पाडायला लावला, वर चढली आणि हौद्यात आडवी झाली. अगदी पदर नीट घेऊन, डोक्याखाली हात. शोरूममधली दोन पोरं हसली. सेल्समन म्हणाला, "अम्मा, अम्मा, काय झालं?" मला इतकी लाज वाटली की मी दुसरीकडे पाहायला लागले. आई पडल्या पडल्या म्हणाली, "माप घेऊन राहिले." मग उठून बसली. "लांबी पुरते. पण माझ्या बाजूला ही पोरगी झोपली तं पेट्या कुठं ठेवू? बाप्पा, यात माल येते, माणूस नाही येत."

सात फूट लांब, पाच फुटांना थोडा कमी रुंद असा तो हौदा. ते त्या गाडीचं वैगुण्य नाही. ती शहरात पाण्याचे जार आणि गॅसच्या टाक्या पोचवायला केलेली, आणि त्या कामाला उत्तम. पण आम्ही तिघांनी महिनाभर चर्चा केली ती मायलेज, हप्ता, ब्रेक, फिटनेस यांची. घर म्हणून तिचं माप घ्यायचं हे बाबांना सुचलं नाही, मलाही सुचलं नाही. जी त्यात झोपते तिला सुचलं.

इथे मला माझी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मागच्या वर्षी मी मेटॅडोरवर कविता लिहिली होती. मंडळाच्या कार्यक्रमात वाचली, टाळ्याही मिळाल्या. तिच्यात गाडी म्हणजे आजी, हेडलाइट म्हणजे मोतिबिंदू झालेले डोळे वगैरे. दिवाळीत घरी वाद सुरू झाला तेव्हा मी ठामपणे 'ठेवूया'च्या बाजूची होते. बालपण आहे त्यात, विकायचं कसं? आईला कविता वाचून दाखवली. ती शेंगा फोडत होती. ऐकून म्हणाली, "चांगली आहे. यंदा किती रात्री झोपली तू तिच्यात?" मी मोजलं. दोन. "अन् मी?" मी काही बोलले नाही. तिनेच सांगितलं, नव्वदच्या वर.

जुन्या वस्तूंवरचं प्रेम मी तेव्हापासून जरा सांभाळून वापरते. आपण मराठीत यावर किती लिहितो! जुना वाडा, जुनी सायकल, जुनं घड्याळ, आजोबांची आरामखुर्ची. लिहिणारा बहुधा तो असतो जो त्या वाड्यातून निघून गेलेला आहे. मागे राहून ज्याने गळणाऱ्या छपराखाली पातेली ठेवली तो फारसा लिहीत नाही. आमच्या मेटॅडोरच्या पत्र्याला तीन ठिकाणी भोकं होती. मला ती कवितेत चांदण्यासारखी दिसली, आईला पावसात ती बोळ्यांनी बंद करावी लागत.

पण म्हणून 'नवं ते चांगलं' म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी गेले असंही नाही. या सगळ्या काळात मला सारखे आठवत होते ते केसलापूरचे मेसराम. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नागोबा हे गोंडांमधल्या मेसराम कुळाचं दैवत. पौषात हे लोक अनवाणी चालत जन्नारमकडे गोदावरीवर हस्तिनामडुगूला जातात, तिथून पाणी घेऊन पुन्हा चालत केसलापूरला येतात, वडाच्या झाडाखाली मुक्काम करतात आणि अमावास्येच्या रात्री पूजा होते. आधी जत्रेची खबर द्यायला छकड्यातून गावोगाव फिरतात. माझ्या लहानपणी वडाखाली बैलगाड्यांची रांग असायची. गाडी सोडलेली, जू जमिनीवर टेकवलेलं, खाली बायका चुली मांडून बसलेल्या. त्याही फिरत्या घरांचीच वस्ती की. आता ऑटो येतात, ट्रॅक्टर येतात, बोलेरो येतात. बैलगाड्या कमी दिसतात. कोणी त्यावर गळा काढत नाही. २०२२ च्या डिसेंबरात त्यांनी जुनं देऊळ जाऊन नवं दगडी देऊळ उभं केलं, तेही कुळातल्या लोकांच्या वर्गणीतून. म्हणजे देऊळसुद्धा बदललं. पाणी मात्र अजून चालतच येतं, अनवाणी. काय गाडीवर घालायचं आणि काय नाही, हे त्यांनी आपसात बसून ठरवलेलं आहे. त्यांना कोणी ऑफर दिली म्हणून ते झालेलं नाही. आमच्या घरी आम्ही हेच केलं नव्हतं. आम्ही ऑफर आली म्हणून विचार करायला बसलो होतो.

शोरूममधून परतल्यावर आम्ही खरंच बसलो. आईला विचारलं, काय पाहिजे? तिने तीन गोष्टी सांगितल्या. पाय पसरून दोघींना झोपता येईल एवढी जागा. पाणी येणार नाही असा टप. आणि तिसरी बोलताना ती बाबांकडे पाहत नव्हती. संडासची काही सोय.

या तिसऱ्या गोष्टीबद्दल मला मोकळेपणाने लिहायचं आहे, कारण आपल्या अंकात कोणी लिहीत नाही. जत्रेत दुकान लावणाऱ्या बायका संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत. पहाटे अंधार असताना उठून लांब शेतात जायचं, नाहीतर रात्र पडायची वाट पाहायची. भाविकांसाठी तात्पुरते संडास बसवतात, पण ते देवळाच्या बाजूला आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत त्यांत जाववत नाही. दुकानांच्या रांगेच्या टोकाला काहीच नसतं. माळेगावच्या जत्रेत मी तमाशाच्या फडांचे ट्रक पाहिले आहेत, मागे राहुट्या, दोऱ्यांवर वाळत घातलेल्या साड्या. घिसाडी लोकांचा संसार गाड्याखाली पाहिलाय. सगळ्या बायकांचा प्रश्न हाच. जुनी गाडी देऊन नवी घ्या, तो सुटत नाही, कारण आमच्या ऐपतीतल्या कुठल्याच गाडीत ती सोय बसत नाही.

२०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. कॅरॅव्हॅन उभ्या करायला पार्क, तिथे पाणी, वीज, रस्ता. वाचून मला बरं वाटलं आणि वाईटही. हौस म्हणून गाडीत राहणाऱ्याला काय काय लागतं हे सरकारला नीट समजलेलं आहे. पोटासाठी गाडीत राहणाऱ्यालाही अगदी तेच लागतं, एक नळ, एक दिवा, एक दार लागणारा संडास. आमच्याकडून जत्रेत जागेचं भाडं घेतातच ना? त्या पावतीवर हे का नसावं? पैनगंगेच्या अल्याड असो की पल्याड, हे मागणं मला गाडीच्या हप्त्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. आदिलाबादला आम्ही काही दुकानदारांनी मिळून या वर्षी तसा अर्ज लिहिला. मराठीत लिहून मग तेलुगूत केला. त्याचं काय होतं ते बघू.

तर शेवटी गाडीचं काय झालं? नवी घेतली नाही. पाच वर्षं वापरलेली लांब हौद्याची पिकअप घेतली, नऊ फुटांची, चार लाख वीस हजाराला. घेण्याआधी एका ओळखीच्या मेकॅनिकला दोन तास तिच्याखाली झोपवलं. आणि आईलाही हौद्यात झोपवलं. या वेळी मी पण शेजारी झोपून पाहिलं. लाज वाटली नाही असं नाही, पण झोपले.

मेटॅडोरचा प्रश्न मात्र उरला होता आणि तोच सगळ्यात अवघड निघाला. एक कांदेवाला ऐंशी हजार द्यायला तयार होता, रोख. चालवायलाच पाहिजे होती त्याला. त्याचा पोरगा चालवणार, माझ्याच वयाचा. बाबा म्हणाले, ब्रेकचं काम करून देऊ. मेकॅनिक म्हणाला, करू, पण या गाडीच्या ब्रेकची गॅरंटी मी देत नाही. दोन दिवस घरात कोणी नीट बोललं नाही. ऐंशी हजार म्हणजे आमच्या घरात छोटी रक्कम नव्हे. आई एवढंच म्हणाली, "मी घाटात तिच्यात बसली होती."

एक्सचेंजमध्ये दिली असती तर हा प्रश्न आमच्यापुढे आलाच नसता. शोरूमवाला दलालाला देतो, दलाल पुढे विकतो, घाटात कोण बसतो ते आपल्याला दिसत नाही. ऑफरमधली ही सोय बोर्डावर लिहिलेली नसते. शिवाय कायद्याचीही एक गोष्ट आहे. गाडी विकली पण आरसी बुकावर नाव आपलंच राहिलं आणि अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी नाव असलेल्या मालकावरच येते, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलेलं आहे. 'फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून द्या, बाकी आम्ही बघतो' असं म्हणणाऱ्यावर विसंबू नका. नाव बदललेलं डोळ्यांनी पाहा.

आम्ही गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्राला दिली. ते येऊन घेऊन गेले. पंचेचाळीस हजार आले आणि एक सर्टिफिकेट. त्या सर्टिफिकेटवर नव्या गाडीच्या रोड टॅक्समध्ये सूट मिळू शकते, मालगाडी असेल तर पंधरा टक्क्यांपर्यंत, आणि रजिस्ट्रेशनची फी माफ. पण सूट नव्या कोऱ्या गाडीलाच. सेकंडहँड घेणाऱ्याला काही नाही. पंचवीस वर्षांची धूर ओकणारी गाडी रस्त्यावरून काढून पाच वर्षांची आणली, तरी धोरणाच्या हिशोबात आम्ही काही केलेलंच नाही. हे चूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांच्या गाड्या खरंच काढायला हव्यात ते लोक जुन्यावरून थेट नव्यावर उडी मारत नाहीत, ते एकेक पायरी चढतात. सूट त्या पायरीवर ठेवायला हवी.

हिशोब पुरा करते. हातातले एक लाख, स्क्रॅपचे पंचेचाळीस हजार, उरलेलं पावणेतीन लाखांचं कर्ज तीन वर्षांसाठी. जुन्या गाडीला व्याजदर जास्त, तेरा टक्के. हप्ता सव्वानऊ हजारांच्या आसपास, एकूण व्याज अठ्ठावन्न हजारांवर. कांदेवाल्याला दिली असती तर पस्तीस हजार जास्त आले असते. बाबा अजून अधूनमधून तो आकडा काढतात. भांडणाच्या सुरात नाही, पण काढतात. त्यांची चूक नाही. ते पस्तीस हजार त्यांच्या गुडघ्यांनी कमवायचे आहेत, माझ्या लेखाने नाही.

कांदेवाल्याचा पोरगा मला परवा बाजारात दिसला. त्याने कोणाची तरी तशीच मेटॅडोर घेतलीय. आमच्याहून दोन वर्षांनी जुनी. मी बाबांना सांगितलं नाही.

पिकअपला आता टप बसवायचा आहे. वेल्डरने लोखंडी कमानींचे आठ हजार सांगितले, आईने साडेसहावर आणला. मेटॅडोरमधले बांगड्यांचे रॅक काढून ठेवले होते, ते उंचीला चार बोटं जास्त होतात, कापावे लागतील. जुनी ताडपत्री दोन फूट अपुरी पडते. अमावास्येला अजून तीन आठवडे आहेत, माझी सेमिस्टर त्याच्या आदल्या आठवड्यात संपते. या वेळी केसलापूरला सगळ्या रात्री मी राहणार आहे, असं आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग दोन गोधड्या जास्त आण हॉस्टेलमधून. पत्रा नवा असो की जुना, थंडी तेवढीच लागते."

तिकडे गोधड्या नाहीत, ब्लँकेटं आहेत. तीच आणणार आहे.